सामान्य खेळाडूंच्या कार्डांचे मोल
नामांकित खेळाडू वगळता जुन्या बेसबॉल कार्डांना (खेळाडूंची चित्रे छापलेल्या, संग्राहक जमवतात त्या कार्डांना) किंमत नसते, हे या कार्डांवरील लेखातील विधान १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भरमसाठ छापल्या गेलेल्या कार्डांबाबत योग्य असले, तरी ही कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९५२ मधील ४०७ कार्डांच्या संचाला ते सरसकट लागू पडत नाही. त्यातील ३११ पासून पुढची कार्डे हंगाम सरताना बाजारात आली, फारशी खपली नाहीत आणि उरलेला साठा १९६० मध्ये समुद्रात बुडवल्याचे कंपनीचे साय बर्गर सांगत. म्हणूनच या क्रमांकांतील अपरिचित खेळाडूंची कार्डेही महाग असतात. पहिल्या क्रमांकाचे अँडी पाफ्को यांचे कार्ड तर मुलांच्या गठ्ठ्यात सर्वांत वर राहून रबरबँडने झिजत असे, त्यामुळे ते उत्तम स्थितीत क्वचितच आढळते. संपूर्ण संच जुळवणाऱ्याला मिकी मँटल या नामांकित खेळाडूच्या कार्डाइतकीच या कार्डांचीही गरज भासते, याची दखल लेखात घ्यायला हवी होती.