पासिंग कितीचं असतं, ताई?

ओळखीतल्या एका मुलीचा गेल्या आठवड्यात मेसेज आला. जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळालाय, ऑक्टोबरमध्ये सेमिस्टर सुरू होतंय. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरून झाले, व्हिसा हातात आला, राहायला खोलीसुद्धा मिळाली (या तिन्हींत खोली मिळणं सगळ्यात अवघड, हे तिथे राहिलेला कुणीही सांगेल). आणि मग शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं : "ताई, तिथे पासिंग कितीचं असतं?"

नुसतं "४" लिहिलं असतं तर तिने दहापैकी चार समजून निर्धास्त झोप काढली असती. तिकडे गणित उलटं आहे. १.० सर्वोत्तम, मग १.३, १.७, २.० असं उतरत ४.० पर्यंत पास आणि ५.० म्हणजे नापास. माझा पहिला १.७ आला तेव्हा आई फोनवर काळजीने म्हणाली, "कितीपैकी गं?"

प्रवेशाच्या वेळी आपले मार्क या उलट्या शिडीवर बसवायला एक सूत्र वापरतात, त्याला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. दहापैकी ८ सीजीपीए आणि पासिंग ४ असेल तर २.० येतात. पासिंग ५ धरलं तर तेच ८ होतात २.२. म्हणजे तुमच्या विद्यापीठाचं पासिंग किती, हे तुमच्या मार्कांइतकंच महत्त्वाचं! ते अधिकृत कागदावर नीट लिहून घ्या. प्रवेशाची अट २.० असेल तर एवढ्यावरून अर्ज बाहेर पडू शकतो.

पण तिचा प्रश्न वाचून मला खरं आठवलं ते माझं पहिलं सेमिस्टर.

एका विषयाच्या सगळ्या व्याख्यानांना मी गेले होते. पहिल्याच दिवशी दहाला पोचले तर हॉल जवळजवळ रिकामा. वेळापत्रकात '१० सी.टी.' असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ सव्वादहा, हे मला शेजारी येऊन बसलेल्या मुलाने सांगितलं. व्याख्यान संपल्यावर सगळे बाकावर ठकठक करायला लागले, तेव्हा काहीतरी बिनसलंय असं वाटून मी दचकले होते. ती टाळी असते. अशा गमती चार दिवसांत अंगवळणी पडतात. पडलं नाही ते दुसरंच. परीक्षेच्या तोंडावर कळलं की यादीत माझं नावच नाही. परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळी नोंदणी करायची होती आणि तिची मुदत केव्हाच उलटून गेली होती. कोर्सला नाव घातलं की परीक्षेला आपोआप बसवतात, हे मी गृहीतच धरलं होतं. परीक्षा विभागातल्या बाई अतिशय शांतपणे म्हणाल्या, नियमावलीत आहे. पुढे काही बोलल्या नाहीत. पुढच्या सेमिस्टरला तो पेपर दिला.

मला राग आला होता. अजूनही थोडा आहे. नव्या देशातून आलेल्या माणसाला एक ईमेल पाठवली असती तर काय बिघडलं असतं? 'इथे विद्यार्थ्यांना प्रौढ समजतात' हे वाक्य जर्मनीत राहिलेले लोक फार कौतुकाने सांगतात. मला ते अर्धंच पटतं. जिथे शाळेपासून मुलांना ही पद्धत माहीत आहे तिथे ते स्वातंत्र्य आहे. बाहेरून आलेल्याला तो दंड वाटतो.

पण बाई खोटं बोलत नव्हत्या. नियमावलीत खरंच होतं. प्रत्येक अभ्यासक्रमाची एक 'प्र्यूफुंग्सऑर्डनुंग' असते, परीक्षेची नियमावली. किती वेळा परीक्षा देता येते, आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला किती दिवसांत द्यायचा, नाव कधीपर्यंत मागे घेता येतं, सगळं तिच्यात. आपण युट्यूबवर व्हिसा इंटरव्ह्यूचे चाळीस व्हिडिओ बघतो आणि हा कागद उघडतसुद्धा नाही. मीही उघडला नव्हता.

उघडावा, याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे प्रयत्नांची मर्यादा. बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला तीन प्रयत्न मिळतात. तिसऱ्यांदाही नापास झालात तर विषय कायमचा गेला, आणि तो सक्तीचा असेल तर त्याच्यासोबत कोर्सही. नंतर जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात तोच कोर्स सहसा करता येत नाही. दुसऱ्या बाजूने, एकदा पास झालात की मार्क वाढवायला पुन्हा बसता येत नाही, काही अपवाद सोडून. तिथली मुलं ४.० ला 'फीअर गेविंट' म्हणतात, 'चार जिंकतो'. मूळ ते एका खेळाचं नाव आहे. मात्र जिंकलेला तो चार गुणपत्रिकेवर कायमचा राहतो. म्हणून पेपर फारच वाईट गेला तर स्वतःच उत्तरपत्रिकेवर काट मारून नापास होणारेही असतात. एक प्रयत्न खर्च करून चांगल्या मार्कांची आशा विकत घ्यायची.

क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाच्या तासांचा हिशेबही असाच आपला आपण ठेवायचा. पाच क्रेडिटचा विषय म्हणजे १२५ ते १५० तासांचं काम. आठवड्याला चार तास, चौदा आठवडे, असे वर्गातले तास ५६ होतात. उरलेले तुमचे तुम्ही. व्याख्यानांना बहुधा हजेरी नसते, म्हणून ते तास कुठे जातात हे विचारणारंही कुणी नसतं.

आणि कृपा करून ग्रुपवर 'जर्मनीत कसं असतं' विचारू नका. शिक्षण तिथे सोळा राज्यांच्या हातात आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही म्हणावं, तर बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. एकाच विद्यापीठातल्या दोन विभागांचे नियमसुद्धा वेगळे निघतात. तुमच्या मित्राचं उत्तर त्याच्या कोर्सपुरतं बरोबर असतं. विचारायचं तर आपल्याच विभागाच्या 'फाखशाफ्ट'ला, म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधींना. जुन्या प्रश्नपत्रिका बहुधा त्यांच्याकडेच मिळतात. निकाल लागल्यावर तपासलेला पेपर बघायचा हक्क असतो, तोही वापरा. मी एकदा गेले तर एका पानाचे गुण बेरजेत धरलेच नव्हते. ३.० चे २.७ झाले, वाद न घालता, दोन मिनिटांत.

तर तिला मी मार्कांचं समजावलं आणि म्हटलं, तुझ्या कोर्सची नियमावली शोध आणि मला पाठव. काल रात्री पीडीएफ आली, तीसेक पानांची, जर्मनमध्ये. इंग्रजी भाषांतरही जोडलंय, पण त्यावर वरच लिहिलंय की ते केवळ माहितीसाठी, बंधनकारक मजकूर जर्मनच. खाली तिचा मेसेज : "ताई, आजारपणाचं कलम दोनदा वाचलं, दाखला तीन दिवसांत द्यायचा की तीन कामाच्या दिवसांत?"

रविवारी कॉलवर बसणार आहोत दोघी.