चार डॉलरचा नफा

पंधरा दिवसांपूर्वी मला चार डॉलर नफा झाला. तेव्हापासून नीट जेवण जात नाही.

न्यू जर्सीत आमच्या गावच्या लायब्ररीने जुनी पुस्तकं विकायला काढली होती. बेसबॉलवीरांची सही असलेली आत्मचरित्रं जमवायचा मला नाद आहे. ('क्रिकेट सोडून हे काय?' असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं मी सोडलंय.) तर ढिगात हाताला लागलं योगी बेराचं 1989 सालचं आत्मचरित्र. किंमत सहा डॉलर. आणि आतल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत सही!

योगी म्हणजे आमच्या शेजारचाच. वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, दहादा जिंकून इथे माँटक्लेअरला राहायचा. खरं नाव लॉरेन्स. भारतावरच्या कुठल्याशा सिनेमात मांडी घालून बसलेला योगी बघून एका मित्राला याची आठवण झाली आणि नाव चिकटलं. त्याचं दुसरं एक पुस्तक कपाटात बघून पुण्याहून आलेल्या आईने हात जोडले होते. "कुठल्या मठाचे रे हे?"

पैसे द्यायच्या रांगेत मागून आवाज आला, "दाखवा."

सत्तरीपुढचा म्हातारा. पँटीला गॅलिस, गळ्यात सोनाराचं भिंग. मी निमूट पुस्तक दिलं. डॉक्टर असो, पीटीचे मास्तर असोत, गळ्यात काही लटकवलेला माणूस दिसला की आपण आधी ऐकतो आणि मग विचार करतो.

त्याने भिंग लावलं. "हं," म्हणाला. पान तिरकं धरलं. पुन्हा "हं". एक्स-रे बघताना डॉक्टर काढतात तो, पोटात गोळा आणणारा.

"हा वाय बघा."

"काय झालं वायला?"

"फार आनंदात आहे."

"योगी आनंदीच होता ना?"

"योगी होता. त्याचा वाय नव्हता."

यावर काय बोलणार? मागे रांग तुंबली होती आणि तो आता रंगात आला होता. नव्वदच्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून बनावट सह्यांची टोळी कशी पकडली, ते त्याने साग्रसंगीत ऐकवलं. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही होते. (मदर कधी बॅटिंगला उतरल्या, हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकाला पडला नसावा.) मग, मोठमोठ्या खेळाडूंच्या सह्या ड्रेसिंग रूममधली पोरंच कशी ठोकून द्यायची. मग बेसबॉलवीर पीट रोझ. सट्टा लावल्याबद्दल बंदी आली, तर हा बाबा चेंडूवर माफीनामा लिहून, खाली सही करून, तो विकायचा! प्रत्येक किश्श्यागणिक माझ्या हातातल्या योगीचा वाय जास्त जास्त खिदळायला लागला.

"खोटी आहे," म्हातारा शेवटी म्हणाला. "पण मी दहा देतो."

"खोट्या सहीचे दहा?"

"मी खोट्याही जमवतो."

इथे डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजलं ते कॅलक्युलेटर. दहा वजा सहा, चार. दिलं पुस्तक!

म्हाताऱ्याने रुमालाने हात पुसले. खिशातून पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर काढलं, बरोब्बर त्या पुस्तकाच्या मापाचं. आणि तीर्थ घ्यावं तशा अदबीने पुस्तक आत सरकवलं. खोट्या पुस्तकाला कोण असं सोवळ्यात ठेवतं हो?

सही खरी की खोटी ते पारखून देणाऱ्या कंपन्या आहेत, नाही असं नाही. पण त्यांची फी पुस्तकाच्या कितीतरी पट. म्हणजे योगीच्या सहीपेक्षा, ती योगीची आहे असं सांगणाऱ्याची सही महाग. हौस म्हणून पुस्तकं घेणाऱ्या माणसाने जावं कुठे? उद्या वाचण्यासाठीही दाखला मागतील.

1985 साली न्यूयॉर्कच्या यँकीज या बेसबॉल संघाच्या मालकाने जेमतेम सोळा सामन्यांनंतर योगीला मॅनेजरपदावरून काढलं, तेही स्वतः न येता दुसऱ्याकरवी निरोप धाडून. योगी रुसला तो चौदा वर्षं स्टेडियमची पायरी चढला नाही. शेवटी मालकच 1999 मध्ये योगीच्या नावाच्या म्युझियममध्ये येऊन माफी मागून गेला.

म्हातारा माझ्याकडे येणार नाही, कळतंय मला. पण त्या दिवसापासून मीही लायब्ररीची पायरी चढलेलो नाही. तीन पुस्तकं परत करायची राहिलीत. दंड कालपर्यंत तीन डॉलर साठ सेंट झालाय.