कोणी कोणाच्या गळ्यात मारलं?

लेख आवडला, पण ‘मानवी हक्कांचा जाहीरनामा म्हणजे पाश्चात्त्यांनी जगाच्या गळ्यात मारलेली कल्पना’ हे वाक्य खटकलं. संयुक्त राष्ट्रांच्या या जाहीरनाम्याचं पहिलंच कलम घ्या ना. मसुद्यात ‘ऑल मेन’ असं होतं. त्यात बायका आल्याच की, असं खुद्द मसुदा करणाऱ्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष, अमेरिकेच्या एलेनॉर रूझवेल्ट यांनाही वाटत होतं. भारताच्या हंसा मेहता मात्र अडून बसल्या आणि त्या जागी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं. मी नागरिकशास्त्र शिकवते. कलमं वाचताना पेंगणारा वर्ग या एका शब्दाच्या भांडणावर खडबडून जागा होतो, मुली तर जास्तच! आणि चीनचे पी. सी. चांग, लेबनॉनचे चार्ल्स मलिक, चिलीचे एर्नान सांता क्रूझ हे काय मसुदा ठरवताना नुसते माना डोलवायला बसले होते?

१० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ४८ देशांनी जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, विरोधात एकानेही नाही, ८ तटस्थ राहिले. बाजूने मत देणाऱ्या ब्रिटन-फ्रान्सकडे तेव्हाही वसाहती होत्या, म्हणजे ढोंग होतंच, तिथे लेखकाचं सोळा आणे बरोबर. पण पुढे नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी हाच कागद त्यांच्यापुढे नाचवला. या जाहीरनाम्यावरून १९६६ मध्ये दोन करार झाले, एक नागरी-राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक-सामाजिक हक्कांचा. दोन्हींचं पहिलंच कलम स्वयंनिर्णयाच्या, म्हणजे आपलं राजकीय भवितव्य आपणच ठरवण्याच्या हक्काचं आहे, ते काय वसाहतवाल्यांनी हौसेने घातलं? आणि गळ्यात मारणारे म्हणाल, तर त्यातल्या आर्थिक-सामाजिक हक्कांच्या करारावर अमेरिकेने १९७७ मध्ये सही केली, मंजुरी मात्र अजूनही दिलेली नाही.