संशोधन विद्यापीठात शिकायला निघालात? एवढं वाचून जा

प्रवेश मिळाला? अभिनंदन! आता लगेच ग्रंथालय शोधायला धावू नका. आधी शेजारच्या बाकावर कोण बसलंय ते पाहा. परदेशी विद्यार्थी असेल तर त्याला खिडकीजवळची जागा द्या. क्यूएस या संस्थेच्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला ५ टक्के वजन आहे. तो नुसता बसला तरी विद्यापीठ वर सरकतं. तुम्ही रात्रभर जागून काय सरकवणार आहात?

जागण्याची सोय तशीही आहे. सहमार्गदर्शक परदेशातले असले की त्यांची सकाळ ती तुमची मध्यरात्र. बैठक अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटं 'आवाज येतोय का?' यात जातात.

उद्योगाच्या पैशांवरचा प्रकल्प मिळाला, तर पूर्वपुण्याई समजा. आधी गोपनीयतेच्या करारावर सही. मग तुमचा आलेख कंपनीच्या कायदा विभागात जाऊन येईल, तेव्हा उभ्या अक्षावरचे आकडे गायब झालेले असतील. पदार्थाचं नाव उरेल 'नमुना अ'. रेघ वर चढतेय ना? बस्स. किती चढली, ही चौकशी भोचकपणाची. प्रबंध काही काळ कुलूपबंद राहील; नोकरीच्या मुलाखतीत 'नक्की काय शोधलंत?' असं विचारलं तर गूढ हसायचं. हे हसू आरशासमोर बसवून घ्या, ऐनवेळी जमत नाही.

आणि पदवी पूर्ण व्हायलाच हवी, हा हट्ट कशाला? १९८० च्या बेह-डोल कायद्याने अमेरिकी विद्यापीठांना सरकारी निधीतून लागलेल्या शोधांचं पेटंट स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली. गूगलच्या मुळाशी असलेल्या पेजरँकचं, म्हणजे वेबपानांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीचं, पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होतं. परवान्याच्या बदल्यात आलेले शेअर विकून विद्यापीठाला ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची पीएचडी मात्र अर्धवटच राहिली. त्यावाचून कुणाचं अडलंय?

राहता राहिले तुमचे मार्गदर्शक. ते खोलीत सापडत नाहीत, ईमेलला उत्तर देत नाहीत. पण सामंजस्य करारावर सह्या होताना हटकून हजर असतात. (करारात बहुधा 'सहकार्याच्या शक्यता तपासू' एवढंच असतं, त्यामुळे सह्या भराभर होतात.) तिथे त्यांच्या मागच्या रांगेत उभे राहा. फोटोग्राफर 'हलू नका' म्हणाला, की प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं काय झालं ते विचारून घ्या.