खिचडी, हरीरा आणि इब्न बतूता

‘इब्न बतूताच्या पाऊलखुणांवर : मोरोक्को ८ दिवस, रोज भारतीय जेवण!’ या जाहिरातीला मी स्वतः भुललो होतो, त्यामुळे तक्रारीचा हक्क माझ्याकडे आहे. फेजच्या जुन्या शहरात आम्हाला दीड तास मिळाला. त्यातला एक तास चामड्याच्या दुकानात गेला.

आणि हा इब्न बतूता, चौदाव्या शतकातला प्रवासी गडी, १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, हजला म्हणून मोरोक्कोतल्या टँजिअरहून निघाला तो कायमचा परतला जवळजवळ तीस वर्षांनी! (अरब प्रवासी म्हणतात, पण होता बर्बर.) दिल्लीत महंमद तुघलकाकडे काझी झाला. तिथून निघाल्यावर आपल्या दौलताबादला, नंदुरबारलाही येऊन गेला. दौलताबादच्या तळघरातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे, असं लिहून ठेवलंय त्याने. खरंखोटं उंदीर जाणोत.

पण मला त्याची खिचडी आवडते. तो लिहितो, इथले लोक तांदूळ आणि मूग एकत्र शिजवतात, तूप घालून रोज न्याहारीला खातात, त्याला ‘किशरी’ म्हणतात, आणि आमच्याकडे जसा हरीरा, तशी यांच्याकडे ही. एवढंच. हिंदुस्थानातलं जेवण सांगताना त्याला घरचं सूप आठवलं, हे मला त्या सगळ्या सुलतानांच्या वर्णनांपेक्षा जवळचं वाटतं.

संत बिंत नव्हता हं. मालदीवमध्ये काझी असताना बायकांनी अंगभर कपडे घालावेत म्हणून खटपट केली, कोणी ऐकलं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत सुलतानाकडून भेट आली म्हटल्यावर वस्त्रं आणि पैसे डोळ्यांपुढे आले. हातात पडल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळ्यात आंबट दही. ही फजितीही त्यानेच सांगितलीय. आपण फक्त सूर्यास्ताचे फोटो टाकतो.

परदेशात मेतकूट, लोणची नेणाऱ्यांना हसायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. डबा खुशाल न्यावा, फक्त हॉटेलच्या खोलीत दार लावून खाऊ नये.

टूर संपल्यावर मी फेजमध्ये तीन दिवस एका घरात खोली घेऊन राहिलो. घरच्या बाईंनी हरीरा दिला: मसूर, छोले, कोथिंबीर, सोबत खजूर. टोमॅटोने लालभडक. बतूताच्या हरीऱ्यात टोमॅटो असणं शक्यच नाही, तो अमेरिकेतून शेकडो वर्षांनी आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेगडीवर मी मुगाची खिचडी केली. बाईंनी वाटी नाकाशी नेली, मान हलवली, वर ऑलिव्हचं तेल ओतलं, जिरेपूड भुरभुरली आणि मगच चमचा उचलला. दोनदा घेतली.

घरी आल्यावर आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, “का? तूप संपलं होतं का त्यांच्याकडे?”