गोळी, रताळं आणि निफाडचे नाना

खंडूने गोळी थुंकली ती नेमकी नानांच्या चपलेवर.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग, फेब्रुवारीची संध्याकाळ, आमच्या कुत्र्याचा, म्हणजे खंडूचा, गोचीड ताप, 100 मिलिग्रॅमची डॉक्सिसायक्लिन आणि ती लपवायला उकडलेल्या रताळ्याचा गोळा. पार्श्वभूमी संपली. खंडूने गोळा तोंडात घेतला, जबडा दोनदा हलवला, रताळ्याचा कणही वाया न घालवता सगळं गिळलं आणि गोळी तेवढी बाहेर काढली. इतकी स्वच्छ, की मेडिकलवाल्याने विनातक्रार परत घेतली असती.

नाना मूळचे निफाडकडचे द्राक्षबागाईतदार. बाग आता मुलगा बघतो आणि नाना सोसायटी बघतात. त्यांनी आधी चपलेकडे पाहिलं, मग खंडूकडे, मग माझ्याकडे.

“हे काय?”

“गोळी.”

“कुणाची?”

“त्याची.”

“मग माझ्या पायावर कशाला?”

याला उत्तर नव्हतं. मी गोळी उचलली. नाना मात्र जायचं नाव घेईनात.

“कशात घातली होती?”

“रताळ्यात.”

“रताळ्यात? उपास आहे का त्याला?” आणि स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसून झाल्यावर ते कामाचं बोलायला लागले. “ताई, तुम्ही शहरातली माणसं उगा अवघड करता. द्राक्षात घाला. थॉमसन घ्यायचं, त्यात बी नसते. देठाकडून जरा चीर द्यायची, गोळी आत सारायची, बोटानं दाबायचं. त्याला कळणारसुद्धा नाही. थांबा, वरून घोस घेऊन येतो.”

“नाना, कुत्र्याला द्राक्षं विष असतात.”

पार्किंगमध्ये एकदम शांतता पसरली. निफाडच्या माणसासमोर असं बोलू नये, हे मला मान्य आहे. पण सत्य कधीतरी बोलावंच लागतं आणि ते घोस खाली यायच्या आत बोललेलं बरं.

“विष?” नानांनी शब्द चघळून पाहिला. “आमचा माल युरोपला जातो. कंटेनर भरायच्या आधी रेसिड्यूची तपासणी होते. तिथली गोरी पोरं खातात. अन् ह्याला विष?”

“फवारणीचं नाही हो म्हणत मी. द्राक्षच.”

“घरच्यापुरता एक ओळ सेंद्रिय आहे.”

“सेंद्रियसुद्धा.”

“मग बेदाणा?”

“बेदाणा म्हणजे पाणी उडालेलं द्राक्षच. वजनाला वजन तो जास्त वाईट.”

नाना जरा थांबले. मग आवाज खाली आणून, अगदी मनापासून विचारलं, “अन् वाइन?”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. द्राक्ष आणि बेदाण्याने कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आधी उलट्या, मग मलूलपणा, मग लघवी कमी होते किंवा थांबते. कारण कितीतरी वर्षं कुणाला सापडत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यक विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, तेही घरी बनवलेला खेळायचा रंगीत गोळा खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यावरून. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे याच आम्लाचा क्षार. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचगुळाची आमटी पोळीला चोपडून कुत्र्याला घालू नये.

“टार्टारिक?” नाना उजळले. “ते वाइनरीवाले बघतात. गोडी अन् आंबटपणा, दोन्ही मोजून माल घेतात.” म्हणजे रसायन पटलं. पण पुढच्याच वाक्याला सगळं पाण्यात. “पण आमच्या मळ्यावर वाघ्या होता. तोडणीला खाली पडलेले मणी रोज खायचा. म्हातारा होऊन मेला तो.”

“काही कुत्र्यांना काही होत नाही, नाना. काहींना थोड्याच मण्यांत होतं. किती खाल्लं तर चालतं, हे आधी सांगता येत नाही.”

“म्हणजे तुम्हालाच नक्की माहीत नाही.”

इथे माझं डोकं फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही. “सांगता येत नाही” याचा अर्थ “देऊ नका” असा होतो, “देऊन बघा” असा नाही, हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोणत्या भाषेत सांगायचं? पण नाना पुढे निघून गेले होते. “बरं, द्राक्ष राहू द्या. कांद्याच्या भज्यात घाला.”

“कांदाही चालत नाही.”

“लासलगावचा?”

“कुठलाही. कच्चा, शिजलेला, तळलेला, वाळवलेला. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. आणि ह्याचं रक्त आधीच गोचीड तापाने खालावलंय.”

नानांनी खंडूकडे प्रथमच दयेने पाहिलं. “द्राक्ष नाही, कांदा नाही,” ते म्हणाले, “मग हा नाशिकला राहतो तरी कशाला?”

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला: ‘सूचना. पार्किंगमध्ये कुत्र्यांना द्राक्षे टाकू नयेत. ताईंचा विरोध आहे.’ खाली अकारण नमस्काराचे हात. आता लिफ्टमध्ये लोक मला विचारतात, द्राक्षांशी माझं नेमकं भांडण काय आहे.

खरं तर भांडण सल्ला देणाऱ्यांशी आहे. प्रत्येकाला वाटतं, योग्य पदार्थ सापडला की गोळी जाते. पदार्थाला दुय्यम महत्त्व आहे. गोळी पकडली जाते ती बोटांमुळे. आपण पाकीट फोडतो, गोळी चिमटीत धरतो, त्याच चिमटीने गोळा वळतो. गोळीची भुकटी गोळ्याला बाहेरून लागते. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50 लाख मानतात, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या पुढे. त्याच्यासमोर आपण बाहेरून औषध चोळलेलं रताळं धरतो आणि तो तोंड फिरवतो तेव्हा म्हणतो, फारच लबाड आहे बाई.

म्हणून एका हाताने फक्त गोळी हाताळायची आणि दुसऱ्या हाताने फक्त गोळा. रताळं साल काढून, मीठ न घालता उकडायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम रताळ्यात गोळीचं आवरण विरघळतं आणि कडू चव बाहेर येते. स्वच्छ हाताने गोळे आधी वळून ठेवायचे. मोठे अजिबात नको. दीड सेंटिमीटरच्या वर गोळा गेला की कुत्रा तो चावतो, आणि चावला की खेळ खलास. न चावता गिळता येईल एवढाच गोळा हवा. मग गोळीवाल्या हाताने एका गोळ्यात गोळी खुपसायची आणि स्वच्छ हाताने भोक बुजवायचं. उकडलेल्या, बिनमिठाच्या कोंबडीच्या लुसलुशीत तुकड्यातही जमतं, पण कोंबडीचे धागे सुटतात आणि गोळी डोकावते. अंड्याचा पिवळा बलक भुरभुरतो. पोळीचा तुकडा उलगडतो. रताळं चिकट आहे, तोंडात फुटत नाही, एवढीच त्याची लायकी. उपासाशी संबंध नाही, नाना.

द्यायचे तीन गोळे. पहिला रिकामा, विश्वासाचा. दुसऱ्यात गोळी. आणि तिसरा रिकामा गोळा दुसरा तोंडात जाताक्षणी नाकासमोर आणायचा. पंगतीत जिलेबीचं ताट शेजारच्या पानापर्यंत आलेलं दिसलं की आपल्या पानातला भात कसा झरझर संपतो, तसा दुसरा गोळा संपतो. तिसऱ्याला उशीर झाला की कुत्र्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि विचार करणारा कुत्रा गोळी गिळत नाही. हे सगळं जेवणाआधी, भूक असताना, आणि रोज एकाच कोपऱ्यात नाही. जागा ठरली की त्या जागेवर नेल्यावरच तो ओठ मिटून बसतो. अधूनमधून बिनगोळीचे गोळेही द्यायचे, नाहीतर रताळं दिसताच तो पलंगाखाली जातो.

गोळी कुटून जेवणात मिसळा, हा आणखी एक लाडका सल्ला. कुटली की कडूपणा सगळ्या भातात पसरतो, कुत्रा अर्धा भात ठेवतो आणि पोटात किती औषध गेलं ते कुणालाच कळत नाही. जुलाबावरची मेट्रोनिडॅझोल तर एवढी कडू, की कुत्र्याच्या तोंडातून फेस येतो आणि घरातले लोक रेबीज झाला म्हणून ओरडतात. काही गोळ्यांचं आवरण आतड्यात जाऊन विरघळावं म्हणूनच दिलेलं असतं. त्या तर मोडायच्याही नसतात. अर्धी गोळी द्यायची असेल तर मोडलेली बाजू कडू लागते, तेव्हा ती रिकाम्या जिलेटीनच्या कॅप्सूलमध्ये घालावी. कॅप्सूल टाळूला चिकटते, म्हणून तिला तुपाचं बोट लावायचं. बोट म्हणजे बोट. वाटी नव्हे, फार स्निग्ध खाऊन कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

“पनीरमध्ये घाला” म्हणणारे मला सर्वांत जास्त भेटतात, आणि हा सल्ला बाकी गोळ्यांसाठी वाईट नाही. पण डॉक्सिसायक्लिनला कॅल्शियम चिकटतं. पनीर, चीज, पेढा, दहीभात यांतून दिली की औषधाचा काही भाग रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो. लोहाचं तर याहून वाईट. गोचीड तापात रक्त कमी झालं म्हणून डॉक्टर लोहाचं टॉनिक लिहितात, पोटासाठी सुक्रालफेट लिहितात, आणि घरातले कर्तव्यदक्ष लोक सगळं एकदमच उरकतात. मध्ये दोन-तीन तासांचं अंतर लागतं. हे चिठ्ठीवर लिहायला कितीशी शाई लागते? चिठ्ठीवर एवढंच असतं: ‘खाऊतून द्या.’ कोणत्या खाऊतून, किती खाऊतून, काही नाही. पीनट बटर आणणाऱ्याला कुणी सांगत नाही की डबीवर झायलिटॉल लिहिलंय का ते बघ. ते साखरेऐवजी घातलेलं असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते आणि यकृतही जाऊ शकतं.

तोंड उघडून गोळी घालायची पाळी आली तर डावा हात वरच्या जबड्यावर, अंगठा आणि बोट सुळ्यांच्या मागे. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा दाबायचा आणि गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर टाकायची, मधोमध. कडेला पडली की ती दोन तासांनी सोफ्याच्या फटीत सापडते. तोंड मिटायचं, गळ्यावरून हात फिरवायचा. नाक चाटलं म्हणजे गेली. मग गालाच्या खिशातून सिरिंजने पाच-दहा मिलिलिटर पाणी, डोकं वर न करता, नाहीतर पाणी श्वासनळीत जातं. पाणी टाळायचं नाही. कोरडी डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. उपाशीपोटी दिली तर उलटी, म्हणून मागून जेवण.

बी विंगमध्ये एक लॅब्रेडॉर आहे. त्याचे मालक मला भेटले की हमखास म्हणतात, “आमचा तर नुसती गोळी हातावरून खातो. सवय लावावी लागते.” सवय! 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे जास्त खा-खा करतात. तो गेल्या महिन्यात लिफ्टजवळचं पायपुसणंही खात होता, त्याला कुणी संस्कार म्हटलं नाही. खंडू गावठी आहे. त्याच्या पूर्वजांतले जे समोर येईल ते गिळत होते, त्यांची वंशावळ तिथेच थांबली.

मेडिकलमध्ये वेगळाच तमाशा. “पेशंटचं नाव?” खंडू. “वय?” चार. काउंटरवरच्या मुलाने चार वर्षांच्या मुलाला 100 मिलिग्रॅमच्या गोळ्या देणाऱ्या आईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, आणि कुत्रा आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “आमच्याला ताप आला की आम्ही आपली पॅरासिटॅमॉल देतो.” देऊ नका. यकृताला आणि रक्ताला बाधते. आयब्रुफेन तर त्याहून नको. मी सांगितलं. त्या गृहस्थांनी मान हलवली आणि पॅरासिटॅमॉलचं पाकीट घेतलं. कुणासाठी, ते विचारायचा धीर झाला नाही.

हिशेब असा असतो: 20 किलोच्या कुत्र्याला किलोमागे 5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, गोचीड तापाला सहसा 28 दिवस. गोळ्या 56. पाकिटात दहा, पाकीट कापून द्यायचं म्हटलं की दुकानदाराचा चेहरा पडतो, म्हणून सहा पाकिटं घ्यायची. हा हिशेब मी कुणाला सांगितला नव्हता. पण खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा गणिताचा हात चांगला आहे.

“कोर्स संपला की चार उरतील ना?” त्यांनी जिन्यातच गाठलं. “आमचा ब्रूनो जरा सुस्त वाटतोय. त्याला होतील.”

ब्रूनो पग आहे, आठ किलोचा. मी सांगितलं की आधी रक्त तपासा, प्लेटलेट बघा, गोचीड ताप असेल तर चार गोळ्यांनी काही होत नाही, आणि नसेल तर गोळ्या कशाला?

“चार गोळ्यांसाठी कुठे रक्त काढायचं बिचाऱ्याचं.”

मग मी दुसरा मार्ग धरला. म्हटलं, वहिनी, उरायच्याच नाहीत. खंडू थुंकतो. लगेच उचलली आणि आवरण शाबूत असलं तर तीच परत देता येते, पण अर्धी विरघळली की ती टाकावी लागते, डॉक्टरांना विचारून हिशेब नव्याने लावावा लागतो. अशात चार कधीच संपतात.

वहिनींनी क्षणभर विचार केला.

“मग जरा सांभाळून द्या ना,” त्या म्हणाल्या.