सांगलीतला दहा मिनिटांचा प्रवास नेमका कोणाचा?

व्हॉट्सअॅपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. पुण्या-मुंबईत माणसाचे निम्मे आयुष्य प्रवासात जाते, सांगलीत मात्र दहा मिनिटांत कामावर पोचता येते; घरटी दुचाकी असल्याने बसची कोणाला गरज नाही, म्हणूनच सिटी बस रिकाम्या धावतात, असे त्यात म्हटले आहे. सांगलीकराला हे वाचून बरे वाटणे स्वाभाविक असले, तरी यातले एकही विधान तपासल्यावर टिकत नाही.

दहा मिनिटांचा हिशेब सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात राहून जवळच्याच पेठेत काम करणाऱ्याला लागू पडतो. परंतु १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, तेव्हापासून घर एका गावात आणि काम दुसऱ्या गावात असणे ही इथली रोजची गोष्ट आहे. सांगलीहून मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्याला एका बाजूने दहा-बारा किलोमीटर सहज पडतात, आणि तासगावाहून रोज ये-जा करणारे तर या हिशेबात धरलेलेच नाहीत.

घरात दुचाकी असली तरी ती एकाच माणसाबरोबर जाते. नवरा पहिल्या पाळीला ती घेऊन गेला, की बायकोला आणि कॉलेजच्या मुलीला वडापच, म्हणजे माणसे भरली की सुटणारी खासगी गाडीच, गाठावे लागते. शिवाय रोजचे चोवीस किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर सहाशे किलोमीटर होतात. लिटरला पन्नासचे अॅव्हरेज आणि शंभर रुपये भाव धरला, तरी नुसत्या पेट्रोलचेच बाराशे रुपये झाले. हप्ता आणि दुरुस्ती वेगळीच. जिवाची जोखीमही आहेच: २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती.

बस रिकाम्या धावतात, हा मुद्दा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, कारण दुपारी दोनची बस पाहून सकाळच्या सहाची गरज ठरवता येत नाही. सकाळी सातच्या पाळीच्या आधी सांगलीतल्या विश्रामबागेच्या चौकात उभे राहून पाहावे. डब्याची पिशवी खांद्याला लावलेल्या बाया वडापात दाटीवाटीने बसलेल्या असतात, आणि अजून दोन शिटे हवीत म्हणून गाडी सुटत नाही. पाळीवर पाच मिनिटे उशिरा पोचले तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, हे ठाऊक असल्याने त्या पुन्हा पुन्हा मोबाइलमध्ये वेळ पाहतात, पण चालकाला काही बोलत नाहीत. उद्या त्याच्याच गाडीने जायचे असते. जी बस पाळीच्या वेळेला येतच नाही, तिची वाट कोणी पाहत नाही, आणि वाट पाहणारे नाहीत म्हणून तिची फेरी लागत नाही. फेरी आधी लागली पाहिजे आणि काही महिने ठरल्या वेळेला नेमाने धावली पाहिजे. प्रवासी मोजायचे ते त्यानंतर, आणि तेही रात्री अकराला दुसरी पाळी सुटते त्या वेळेला, कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून.